हस्कीचं गाऱ्हाणं

रिकामी वाटी समोर असली की गावठी कुत्रं शेपूट हलवत दारात बसून राहतं, मांजर पायात घोटाळतं. हस्कीची तऱ्हा वेगळी. तो वाटीसमोर ताठ उभा राहतो, मान वर करतो, ओठांचा चंबू करतो आणि खालच्या पट्टीतून एक लांब 'ऊऽऽ' काढतो. तो सूर चढत जातो, घशात घोळतो, मध्येच फुटतो आणि पुन्हा खाली येतो. घरातलं कोणी "थांब जरा" म्हणालं तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत, जवळजवळ त्याच लयीत, तो उलट उत्तर देतो. अशी दोन-तीनदा बाचाबाची झाली की धाडकन फरशीवर अंग टाकतो आणि वाटी भरली का हे एका डोळ्याने पाहत राहतो.

नखं कापायची वेळ आली तर काही विचारूच नका. पंजा नुसता हातात घेतला, कात्री अजून लांबच आहे, तरी असा टाहो फुटतो की शेजारणीने हातातलं काम टाकून धावत यावं.

हस्की पाळलेल्या जवळपास प्रत्येक घरात हेच दिसतं. मिष्का नावाच्या हस्कीने मालकांच्या बोलण्याची नक्कल करत 'आय लव्ह यू' सारखा आवाज काढला आणि इंटरनेटवर ती जगभर गाजली. २०१७ मध्ये मिष्का गेली, पण तोवर 'बोलणारा हस्की' हा करमणुकीचा एक प्रकारच होऊन बसला होता. आज खानदेशातल्या पोरांच्या मोबाइलवरही तीच निळ्या डोळ्यांची, भांडखोर, रुसणारी, रडणारी कुत्री रोज फिरतात. ती पाहून हसू येतं, जीव लागतो आणि "बाबा, आपणही आणू ना" हा हट्ट सुरू होतो.

तो हट्ट पुरवण्याआधी या कुत्र्याचं बोलणं नीट ऐकायला हवं. जळगावजवळच्या नशिराबादसारख्या गावात तर फारच नीट.

हस्की भुंकतो कमी, गातो जास्त. याची मुळं ईशान्य सायबेरियात आहेत. तिथल्या चुकची लोकांनी पिढ्यान् पिढ्या ही कुत्री घसरगाडी ओढण्यासाठी सांभाळली. कमी खाऊन, हलकं ओझं घेऊन बर्फावरून मैलोन्‌मैल धावायचं, हे त्यांचं काम. उत्तरेकडच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा वंश किती जुना असावा? सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव नावाचं बेट आहे. तिथे सापडलेल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याची जनुकं शास्त्रज्ञांनी तपासली. आजच्या ध्रुवीय गाडीकुत्र्यांशी, विशेषतः ग्रीनलंडच्या कुत्र्यांशी, त्याचं नातं जुळतं, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या काळापासून हे प्राणी कळपात जुंपले गेले, कळपात झोपले, कळपात जेवले. एकाने सूर लावला की बाकीच्यांनी ओ द्यायची, ही त्यांची जुनी रीत. घरात आल्यावर कळप बदलतो, रीत तीच राहते. ओ देणारे आता आई, बाबा, आजी आणि शाळेतून परतणारी मुलं असतात.

राखणदार म्हणून मात्र हस्की कुचकामी. चोर आला तर त्याचंही स्वागत करील, असा त्याचा स्वभाव. दारावर भुंकणारं कुत्रं हवं असेल त्याने हा नाद सोडावा.

त्याचं नाव झालं ते धावण्याने. अलास्कातल्या नोम या गावात सोन्याच्या खाणींच्या दिवसांत कुत्र्यांच्या शर्यती भरत. १९०९ मध्ये विल्यम गूसाक या व्यापाऱ्याने सायबेरियातून आणलेली कुत्री तिथे उतरवली, तेव्हा त्यांची लहान चण बघून लोकांनी त्यांना उंदीर म्हणून हिणवलं. त्या वर्षी ती तिसरी आली. पुढच्या वर्षी जॉन जॉन्सन सायबेरियन कुत्री जुंपूनच शर्यत जिंकला. मग जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. औषध आणायला विमान नाही, बंदर गोठलेलं. वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हातोहात १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून प्रतिविष पोचवलं. थंडी उणे ४० अंशांच्या आसपास होती. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेप्पालाच्या चमूने कापला. त्याचा म्होरक्या कुत्रा टोगो. शेवटच्या टप्प्यात म्होरक्या होता बाल्टो, म्हणून नाव बाल्टोचं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा बसला.

या दोघांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या हस्कीवाल्यांना ठाऊक असाव्यात. टोगो पिल्लू असताना फार उपद्रवी होता. कंटाळून सेप्पालाने तो एका घरी पाळायला देऊन टाकला. तिथे उबदार घर होतं, लाड होते, आयतं खाणं होतं. टोगोने बंद खिडकीच्या काचेतून उडी मारली आणि तो थेट सेप्पालाच्या श्वानगृहात परतला. त्याला धावायचं होतं. पहिल्यांदा जुंपला त्या दिवशी तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावला. आपल्या घरातला हस्की दुपारी तीन वाजता गादी फाडतो, दार ओरबाडतो, अंगणातली कुंडी उकरतो, त्यामागे हीच ऊर्मी असते. तिला वाट मिळत नाही, म्हणून ती घशातून आणि नखांतून बाहेर पडते.

बाल्टोची गोष्ट जास्त लागते. पुतळा झाला, फोटो छापून आले, आणि दोन वर्षांच्या आत तोच बाल्टो आपल्या सोबत्यांसह लॉस एंजेलिसच्या एका तमाशेवजा प्रदर्शनात साखळीला बांधलेला सापडला. नाणं टाका आणि शूर कुत्रा बघा, असा धंदा. जॉर्ज किंबल नावाच्या क्लीव्हलंडच्या व्यापाऱ्याने ते पाहिलं आणि सोडवणुकीची खटपट सुरू केली. क्लीव्हलंडच्या लोकांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, पैसे जमवून दोन हजार डॉलर भरले. मार्च १९२७ मध्ये ती कुत्री तिथल्या प्राणिसंग्रहालयात पोचली. ज्याला बघायला जग लोटलं, त्याला सांभाळायला माणूस उरला नव्हता.

हस्कीची हौस आली की हे पुन्हा पुन्हा होतं. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ मध्ये सुरू झाली. तिच्यातले लांडगे बघून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लोकांनी हस्की आणले, आणि सोडून दिलेल्या हस्कींनी तिथली आश्रयस्थानं भरू लागली. शेवटी २०१७ मध्ये मालिकेतल्या पीटर डिंकलेज या नटानेच, लांडग्यासारखं दिसतं म्हणून हस्की विकत घेऊ नका, अशी विनंती केली. आपल्याकडेही २००३ च्या हच मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले होते. ते निदान आकाराने लहान होते.

आता नशिराबादकडे येऊ. जळगावहून भुसावळच्या रस्त्याला दहाएक किलोमीटरवर हे गाव. महामार्गाची वर्दळ, सिमेंटचा कारखाना, पलीकडे भादलीचं स्टेशन, सगळीकडे काळी जमीन, केळी आणि कापूस. एप्रिल लागला की सकाळी दहालाच रस्ते ओस पडू लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणं इथे बातमी राहिलेली नाही. २०२४ च्या मे अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं. उन्हात राबणाऱ्या माणसांना सावली आणि पाणी मिळावं म्हणून सरकारी आदेश निघाला. माणसांची ही गत. तिथे उणे ४० अंशांत बर्फात मुटकुळं करून, नाकावर शेपटीचा झुपका ओढून निवांत झोपणाऱ्या जातीचं जनावर आणायचं का, हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजांच्या गाद्यांतून येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतला की जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी उडतं आणि अंग गार होतं. आपल्या कूलरचं काम याच तत्त्वावर चालतं. म्हणून खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर गारवा देतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर, हवेत ओल आली की, नुसती चिकचिक करतो. हस्कीचंही तेच होतं. कोरड्या उन्हात पाणी भरपूर असेल तर धापा टाकून तो थोडाफार तग धरतो. जूनच्या कुंद, दमट दुपारी, पारा ३८ वर असतानाही, त्याची धाप फुकट जाते. पाऊस जवळ आला, आता काळजी नाही, असं समजणारे तिथेच फसतात.

अंगावरचे केस हा दुसरा गैरसमज. हस्कीला दुहेरी लव असते. वरचे केस लांब, राठ; आत दाट, लोकरीसारखा थर. "बिचाऱ्याला उकडतंय" म्हणून माणसं माया करून त्याला वस्तऱ्याने पार भादरून आणतात. वरचे केस कातडीला उन्हापासून वाचवत असतात. ते गेले की अंग भाजतं, आणि पुन्हा येणारे केस बऱ्याचदा पहिल्यासारखे येत नाहीत. काढायची ती आतली लोकर. वर्षातून दोनदा ती आपणहून सुटू लागते. अंगणात बसून लोखंडी दातांची फणी पाठीवरून ओढली की पांढऱ्या कापसासारखे पुंजके निघतात, एका बैठकीत बादली भरते. जिनिंगवर कापूस पाहिलेल्या माणसाला ते पुंजके नवे वाटणार नाहीत. वाऱ्याने ते ओसरीभर उडतात, देवघरात जातात, वाळत घातलेल्या कुरडयांवर बसतात. घरातल्या बाईची चिडचिड होते आणि ती रास्त असते, कारण झाडून काढायचं काम बहुतेक तिच्याच वाट्याला येतं. हस्की आणायचं ठरवताना तिला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न घराघरात विचारला जायला हवा.

उन्हात न टिकणाऱ्या जिवाला जपणं या मुलखाला नवं नाही. केळीला ऊब लागते, पण वैशाखातल्या झळांनी तिची पानं करपतात. म्हणून शेतकरी बागेभोवती शेवरीचं किंवा गजराज गवताचं दाट कुंपण उभं करतो, हिरवी जाळी बांधतो, बुंध्याशी पाला अंथरतो, ठिबक चुकू देत नाही. बाग लावायच्या आधी त्याने पाण्याचा हिशेब केलेला असतो. कुत्रं आणताना तोच माणूस तो हिशेब करत नाही, याचं नवल वाटतं. हस्कीचाही हिशेब आहे. दिवसभर गार राहणारी एक खोली. वीज गेली तर इन्व्हर्टर. ओली करता येईल अशी शहाबादी फरशी. दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी, कारण एक तो हमखास पंजाने उलटं करतो. फिरणं पहाटे आणि रात्री उशिरा. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघायची. धग आपल्याला सोसली नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. आणि हे सगळं बारा ते चौदा वर्षं, कारण हस्की तेवढा जगतो. आज पाचवीत असलेला मुलगा तोवर शिकायला पुण्याला गेलेला असेल.

या हिशेबात त्याची बडबड फार कामाची. लोक ज्याला नाटक म्हणतात, त्यात बऱ्याचदा साधी मागणी असते. दाराकडे तोंड करून लावलेला सूर वेगळा, भुकेचा वेगळा, एकटं पडल्याचा वेगळा. भादलीकडून गाडीचा भोंगा ऐकू आला, मशिदीतून अजान झाली, देवळात आरतीची घंटा वाजली की लांब ओढलेल्या सुराला सूर मिळवायचा त्याला मोह होतो. तो कळपाचा सूर. घरातली आजी महिन्याभरात हे सगळं ओळखू लागते. "काय झालं रे बाप्पा तुले?" असं ती म्हणते, तो गुरगुरत, उसासत सविस्तर सांगतो, आणि ती उठून पाण्याचं भांडं भरते. डॉक्टरी पुस्तक न वाचता तिने अर्धं निदान केलेलं असतं.

खरी भीती तो गप्प होतो तेव्हाची. दिवसभर तोंड चालणारा हस्की भर दुपारी कोपऱ्यात जाऊन मुका पडला, हाक मारली तर कानही हलवेना, जीभ लालभडक किंवा जांभळट दिसू लागली, तोंडातून चिकट लाळ लोंबू लागली, उठताना पाय लटपटले, की क्षणाचाही उशीर करू नये. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी होऊ लागतात. आधी सावलीत आणून पोटावर, मांड्यांच्या आत, पायांवर साधं पाणी ओतत राहायचं आणि पंखा सोडायचा. मगच गाडीत घालून जनावरांच्या दवाखान्याकडे पळायचं. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवू नये, ते तापतं आणि वाफ कोंडते. "झोपलाय, झोपू द्या" असं म्हणण्यात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत. आणि हा दवाखाना कुठे आहे, तो गायी-म्हशींपलीकडे कुत्रं बघतो का, रविवारी उघडा असतो का, ही चौकशी थंडीतच करून ठेवावी.

खाण्याचं एक सांगायलाच हवं, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. भरताचा बेत असला की हस्की कढईशेजारी बसून गाऱ्हाणं घालणार, आणि कोणीतरी विरघळून भाकरीला भरीत लावून त्याला देणार. त्या भरतात कांद्याची पात असते, लसूण असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बेदाणे आणि द्राक्षंही त्याला घातक. कितीही आळवलं तरी इथे मन घट्ट करावं.

गावचा प्रश्नही आहे. हस्कीच्या डोक्यातली शिकार गेलेली नाही. साखळी सुटली की शेजारच्या कोंबड्या, मांजरं, करडं यांच्यामागे तो लागतो. भिंतीखालून उकरून पळतो आणि पळाला की हाकेला ओ देत नाही. समोर मोकळं रान आणि पायात वेग असला की त्याला घर आठवत नाही. महामार्ग जवळ असलेल्या गावात याचा शेवट काय होतो, ते सांगायला नको. रात्री दोनला लावलेला सूर गल्लीभर ऐकू जातो. दिवसभर मजुरी करून झोपलेल्या माणसाने त्यावर तक्रार केली तर ती वैर म्हणून घेऊ नये. त्याची झोप जाते, हे खरंच आहे.

कायदा यात काय म्हणतो? विक्रीसाठी परदेशातून कुत्री आणायला केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्येच बंदी घातली. तेव्हा बाजारात मिळणारी हस्कीची पिल्लं इथेच पैदा केलेली असतात. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विकण्याआधी त्याला मायक्रोचिप बसवली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, फोनवर सौदा आणि बसथांब्यावर खोक्यातून पिल्लू, हा व्यवहार यातल्या कुठल्या नियमात बसतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम तर अधिक बारकाईने बोलतं. कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हाही गुन्हा. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकं हा आकडा तसाच आहे. हजारोंना विकत घेतलेलं जनावर रस्त्यावर सोडायचं आणि पन्नास रुपये भरून मोकळं व्हायचं, हे चालू देता कामा नये. तो दंड वाढलाच पाहिजे. नशिराबादला आता नगरपरिषद आहे. पाळीव कुत्र्यांची चिपसह साधी नोंदवही तिने ठेवली, तर सोडलेलं कुत्रं कोणाचं हे तरी कळेल.

ज्यांच्या घरी अजून हस्की नाही, त्यांनी तो आणू नये. खानदेशात तर मुळीच नाही. मुलांना कुत्र्याचा लळाच हवा असेल तर गल्लीतलं गावठी पिल्लू आहे. या उन्हात त्याचे आजे-पणजे वाढले आहेत, त्याची लव आखूड आहे, आणि सावली कुठे, पाणी कुठे हे त्याला उपजत कळतं. उंच, देखणं, वेगवान जनावर हवं असेल तर आपल्याच मातीतला कारवानी आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात त्याच वंशाचा मुधोळ हाउंड होता. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही देशी जाती पाळा म्हणून सांगितलं. कारवानीलाही पळायला रान लागतं, पण मे महिना त्याला परका नाही.

ज्यांच्या घरी हस्की आलेलाच आहे, त्यांच्यासाठी मात्र वेगळा सल्ला. तो आता घरचा आहे. 'थंड हवेच्या गावी चांगलं घर बघून देतो' म्हणत त्याला हात बदलत फिरवू नये. टोगोसारखं काच फोडून परत यायला सगळ्यांना जमत नाही. मोठ्या खोलीतला कूलर त्याच्या कोपऱ्याकडे वळवावा. घरातल्या एकाने पहाटे साडेचारचा गजर लावावा आणि तो रोज पाळावा. त्या वेळी वाघूर नदीच्या बाजूच्या शेतवाटा गार असतात, केळीच्या बागांत ठिबक चालू असतं, माती ओली असते. लांब दोरी हाताला गुंडाळून त्याला तासभर मनसोक्त ओढू द्यावं; गाडी ओढणाऱ्याचा वंशज आहे, ओढण्यातच त्याला सुख आहे. घरी परतल्यावर तो ओल्या फरशीवर चारी पाय पसरून पोट टेकवतो, पाणी लपालपा पितो, आणि चहाचं आधण ठेवलेल्या आजीला फेरफटक्याची सगळी हकिगत सांगू लागतो. लांब, तपशीलवार, मध्ये कोणी बोललं तर त्याला दटावत. आजी "हो का रे, मंग?" म्हणत चहा गाळते.